सणासाठी पाळी पुढे ढकलताना

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझे वय ४२. आमच्याकडे ज्येष्ठा गौरी उभ्या असतात, पितृपक्षात सासऱ्यांची तिथी असते आणि पुढे घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत अखंड दिवा असतो. सासूबाई थकल्या आहेत, घरात करणारी मी एकटीच. ऐन सणात अडचण येऊ नये म्हणून गेली काही वर्षे मी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेते. जाऊबाईंनी नाव सांगितले होते, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात. सासूबाईंनीही त्यांच्या काळी घेतल्या होत्या, त्यांना काही झाले नाही. गेल्या वर्षी मी तिथीपर्यंत घेतल्या, चार-पाच दिवस थांबले आणि नवरात्रासाठी पुन्हा सुरू केल्या. यंदा गौरींच्या आधीपासून दसऱ्यापर्यंत मध्ये न थांबता घ्याव्यात, असे मनात आहे. मुलगी सतरा वर्षांची आहे. परीक्षेच्या वेळी तिलाही माझ्याच पाकिटातल्या चार गोळ्या दिल्या होत्या. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, वजन वाढले म्हणून ती मी दीड करून घेते. बाकी तब्येत चांगली आहे. अधूनमधून अर्धशिशी उठते, तेव्हा आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा येतात. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तुळजापूरला गाडीने जाऊन आल्यावर डावी पोटरी सुजून दुखत होती. बाम लावला, शेकले, आठवड्याभरात उतरली. महिनाभर सलग गोळ्या घेतल्या तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

महिनाभर सलग तर घेऊ नकाच. पण त्याही पुढे जाऊन सांगते की, स्त्रीरोगतज्ज्ञाने तुम्हाला प्रत्यक्ष तपासेपर्यंत यंदा या गोळ्यांपैकी एकही घेऊ नका. गोळी विषारी आहे म्हणून मी हे सांगत नाही. हजारो स्त्रिया ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात आणि त्यांना त्रास होत नाही. माझ्या नकाराचे कारण तुमच्या पत्रात ‘बाकी तब्येत चांगली आहे’ या वाक्यानंतर येणाऱ्या दोन गोष्टींमध्ये आहे. तुम्ही त्या सहज, जाताजाता लिहिल्या आहेत. मला मात्र त्या पत्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या.

आधी या गोळीविषयी. तुम्ही नाव कळवले नाही, पण सणासुदीला दुकानातून जी दिली जाते ती बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची नोरेथिस्टेरॉनची गोळी असते. दर महिन्याला बीज बाहेर पडल्यानंतर बीजकोशातून प्रोजेस्टेरॉन हा हार्मोन स्रवतो आणि गर्भाशयाचे आतले अस्तर धरून ठेवतो. गर्भ राहिला नाही की त्याची पातळी घसरते, अस्तर सुटते आणि पाळी येते. नोरेथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम औषध आहे, त्यामुळे ते चालू असेपर्यंत अस्तर टिकते आणि बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. नेहमीची पद्धत अशी की अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरुवात करून दिवसातून तीन वेळा एकेक गोळी घ्यायची. उशिरा, म्हणजे पाळीच्या आदल्या दिवशी किंवा डाग दिसू लागल्यावर सुरू केली, तर अस्तर सुटायला लागलेले असते आणि गोळीचा हवा तसा उपयोग होत नाही. अशा वेळी घाबरून एकाऐवजी दोन-दोन गोळ्या घेणाऱ्या बायका दर भाद्रपदात भेटतात. त्यातच याच औषधाच्या दिवसातून एकदाच घ्यायच्या, जास्त ताकदीच्या गोळ्याही बाजारात आहेत. दुकानातून त्या हाती पडल्या आणि जाऊबाईंनी सांगितल्याप्रमाणे तीन वेळा घेतल्या, तर मात्रा किती होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

आता जो भाग दुकानात कोणी सांगत नाही तो. दिवसाला १५ मिलिग्रॅम ही मात्रा लहान नाही. काही देशांत हेच औषध गर्भनिरोधनासाठी रोज ०.३५ मिलिग्रॅम इतके दिले जाते, म्हणजे तुम्ही घेता ती मात्रा त्याच्या चाळीसपटीहून अधिक झाली. इतक्या मात्रेत घेतलेल्या नोरेथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इथिनिल इस्ट्राडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्रीच्या दुसऱ्या मुख्य हार्मोनच्या कृत्रिम रूपात, बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नोरेथिस्टेरॉन घेतले, तर त्यातून तयार होणारे इस्ट्रोजेन नेहमीच्या मिश्र (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे औषध एकत्र असलेल्या) गर्भनिरोधक गोळीतल्या २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते, असा अंदाज औषधशास्त्रात मांडला आहे. त्यामुळे ‘ही नुसती पाळी लांबवायची गोळी आहे, गर्भनिरोधक नव्हे’ हे समाधान जोखमीच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. गर्भनिरोधक गोळी देताना डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि चार प्रश्न विचारतात; ते सगळे प्रश्न इथेही लागू होतात. आणि गंमत अशी की पाळी लांबवण्यासाठी घेतलेल्या या गोळ्यांवर गर्भनिरोधनासाठी विसंबूनही राहता येत नाही.

इस्ट्रोजेनमुळे यकृतात रक्त गोठवणारे काही घटक जास्त तयार होतात आणि गोठणे आवरणारे काही घटक कमी होतात. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत हा फरक जाणवतही नाही. पण पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याची शक्यता त्याने वाढते आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर जिवावर बेतू शकते. तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही, म्हणून आकडेही देते. प्रजननक्षम वयातील, हार्मोन न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे दोघींना अशी गुठळी होते. मिश्र गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत, गोळीच्या प्रकारानुसार, हे प्रमाण ५ ते १२ पर्यंत जाते. म्हणजे धोका लहानच आहे. मात्र तो सगळ्यांमध्ये सारखा वाटलेला नसतो. वय चाळिशीपुढचे, वजन वाढलेले, रक्तदाब चढा, घरात कोणाला गुठळी झालेली, नुकते मोठे ऑपरेशन झालेले किंवा तासन्तास एका जागी बसून प्रवास झालेला असेल, तर तो वाढत जातो.

या गोळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मिश्र गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये गुठळीचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक असतो आणि महिनाभर किंवा त्याहून अधिक खंड पाडून गोळ्या पुन्हा सुरू केल्या की तो पुन्हा वाढतो. वर्षानुवर्षे नियमित गोळी घेणाऱ्या बाईपेक्षा सणापुरती सुरू करून सोडणारी आणि पुढच्या सणाला पुन्हा सुरू करणारी बाई त्या सुरुवातीच्या, जास्त जोखमीच्या काळातच वारंवार येत राहते. ‘मी काय रोज घेते का, वर्षातून दोन-तीनदाच तर घेते’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही.

आता तुमची पोटरी. गेल्या वर्षीचा क्रम तुमच्याच पत्रातून पुन्हा मांडते. गौरींपासून तिथीपर्यंत गोळ्या, मग चार-पाच दिवसांचा खंड, नवरात्रात पुन्हा गोळ्या, आणि त्यानंतर तुळजापूरचा जाऊन-येऊन दोन्ही वेळचा सात-आठ तासांचा प्रवास, तोही गाडीत पाय मुडपून. नवरात्रात तुमचे उपवास होते का आणि पाणी कितपत पोटात जात होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. एवढे सगळे झाल्यावर एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे म्हणजे गुठळीच, असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही. स्नायू आखडूनही पोटरी दुखते. पण त्याच दिवशी दवाखान्यात गेला असतात, तर पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करून प्रश्नाचा निकाल लागला असता, आणि गुठळी निघाली असती तर रक्त पातळ ठेवणारी औषधे निदान तीन महिने दिली गेली असती. सूज आपोआप उतरली म्हणून ती गुठळी नव्हती, असेही सिद्ध होत नाही. आता वर्ष उलटल्यावर तपासणीत जुनी खूण सापडेलच असे नाही, तरी डॉक्टरांना हा प्रसंग तारखांसह सांगा. पूर्वी गुठळी झालेल्या किंवा तशी दाट शंका असलेल्या स्त्रीला नोरेथिस्टेरॉन देत नाहीत. शिवाय अशी सूज पुन्हा आली, तर ती चोळू नका आणि शेकतही बसू नका; त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट डोळ्यांसमोरच्या चमकत्या रेषांची. अर्धशिशी अनेकींना असते, पण डोके दुखण्याआधी नागमोडी रेषा, काजवे किंवा नजरेत आंधळा डाग दिसणे हा तिचा वेगळा प्रकार आहे. या प्रकारात मेंदूच्या पक्षाघाताचा धोका मुळातच किंचित जास्त असतो आणि इस्ट्रोजेनने तो वाढतो. म्हणूनच अशा स्त्रियांना इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. नोरेथिस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेतून इस्ट्रोजेन तयार होते हे लक्षात घेता, तुम्हाला ती देण्याआधी कोणताही जाणता डॉक्टर थांबून विचार करील. रेषा दिसतात हे तुम्ही आजवर कोणाला सांगितले नसेल, कारण कोणी विचारलेच नाही.

मेंदूतील शिरांमध्येही गुठळी होऊ शकते. इराणमधील डॉक्टरांनी नोंदवले आहे की रमजानच्या महिन्यात उपवास खंडित होऊ नयेत म्हणून तिथल्या अनेक स्त्रिया पाळी थांबवायला गर्भनिरोधक गोळ्या घेतात आणि त्या काळात मेंदूतील शिरांच्या गुठळीचे रुग्ण वाढलेले दिसतात. धर्म वेगळा, गोळीही थोडी वेगळी. पण व्रत, कमी झालेले पाणी आणि स्वतःच्या मनाने सुरू केलेला हार्मोन हा मेळ आपल्या नवरात्राला अनोळखी नाही.

सासूबाईंना काही झाले नाही, हे खरेच असेल. दहा हजारांत काही थोड्याच जणींना होणारी गोष्ट एका घरात दिसणार नाही, यात नवल ते काय? शिवाय त्या गोळ्या घेत होत्या तेव्हा त्यांचे वय किती होते, त्यांना अर्धशिशी होती का, त्यांनी किती दिवस घेतल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांच्या शरीराचा अनुभव तुमच्या शरीराला हमी देत नाही, आणि जाऊबाईंचाही नाही.

चिठ्ठीशिवाय गोळी मिळते, याचा अर्थ ती चिठ्ठीशिवाय मिळायला हवी असा नाही. प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे आपल्याकडे शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच ती विकायची असतात आणि तसा इशारा पाकिटावर छापावा लागतो. तो इशारा तुमच्या नजरेस कधी पडला नसेल, तर त्याचे कारण साधे आहे. गर्दीच्या दिवसांत दुकानदार दहा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापतो, सहा गोळ्या कागदी पुडीत घालतो आणि वर पेनाने एक-एक-एक लिहितो. औषधाचे नाव, ताकद, मुदत आणि इशारा हे सगळे उरलेल्या तुकड्यावर राहते. पुढच्या गिऱ्हाइकाला नारळ घ्यायला जायचे असते, तुम्हाला घरी पुरण वाटायचे असते. या घाईत ‘पूर्वी कधी पायाला सूज आली होती का’ हा प्रश्न कोण विचारणार? निदान तुमच्या घरातल्या उरलेल्या गोळ्यांवर नाव नसेल तर त्या टाकून द्या.

महिनाभराच्या बेताविषयी. गौरी आवाहनापासून दसऱ्यापर्यंत महिन्याहून थोडे अधिकच दिवस जातात आणि गोळ्या त्याआधी तीन दिवस सुरू करायच्या. पाळी लांबवण्यासाठी हे औषध साधारणतः दोन आठवड्यांच्या आत आटोपायचे असते. याहून दीर्घ काळ ते दिले जाते, पण ते गर्भाशयाच्या विशिष्ट आजारांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. मनाने लांबवल्यास मध्येच डाग दिसणे, अंगावर सूज, स्तन दुखणे, मळमळ, चिडचिड आणि शेवटी नेहमीपेक्षा जोरात जाणारी पाळी, असे त्रास होतात. ज्या अडचणीला टाळायचे होते ती ऐन अष्टमीला दारात उभी राहिल्याचे किस्से तुम्हीही ऐकले असतील. तुमच्या वयात आणखी एक बाब आहे. चाळिशीनंतर पाळीचे चक्र आपोआपच बदलू लागते, आणि रक्तस्राव अवेळी किंवा जास्त होत असेल तर त्यामागे गाठी, अस्तराची अवाजवी वाढ किंवा क्वचित कर्करोगही असू शकतो. वर्षातले दोन-तीन महिने गोळ्यांनी चक्र हलवत राहिलात, तर नेमका बदल कोणता आणि गोळीचा परिणाम कोणता हे तुम्हालाही सांगता येणार नाही. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर गोळी सुरू करण्याआधी लघवीची तपासणी हवी. नाहीतर पाळी न येण्याचे श्रेय गोळीला जाते आणि पोटातल्या गर्भाला नको असलेला हार्मोन मिळत राहतो.

मुलीला दिलेल्या चार गोळ्यांनी तिचे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही, ती चिंता सोडा. यापुढे मात्र तुमच्या पाकिटातून देऊ नका. सतरा वर्षांच्या निरोगी मुलीला एखाद्या महत्त्वाच्या प्रसंगी डॉक्टर ही गोळी थोडे दिवस देऊ शकतात, पण त्याआधी ते विचारतील की आई, बहीण किंवा मावशीला कधी गुठळी झाली होती का. रक्त गोठण्याचे काही दोष वारशाने येतात. म्हणजे तुमच्या पोटरीचे उत्तर तुमच्यापुरते मर्यादित नाही, ते मुलीच्या प्रत्येक भावी गोळीशी जोडलेले आहे, पुढे तिला गर्भनिरोधक घ्यावे लागले तरीही. परीक्षेच्या दिवसांत तिला पाळीचा त्रास होतो तो पोटदुखीचा असेल, तर त्यासाठी हार्मोन न वापरताही चांगले उपाय आहेत. तेही एकदा विचारून घ्या.

थायरॉइडची गोळी दीड करून घेणे आजच थांबवा आणि लिहून दिलेल्या मात्रेवर या. थायरॉक्सिन हाही हार्मोनच आहे आणि वजन उतरवण्याचे औषध नाही. जास्त मात्रेने छातीत धडधड, ठोक्यांची अनियमितता, झोप उडणे आणि पुढे हाडे ठिसूळ होणे असे त्रास होतात. मात्रा बदलल्यावर टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची मात्रा बरोबर आहे का हे दाखवणारी रक्ताची, तपासणी साधारण सहा आठवड्यांनी करायची असते, कारण त्याआधी खरे चित्र दिसत नाही. वजन वाढण्याचे कारण कदाचित वेगळेच असेल, नाहीतर गोळी चहाबरोबर किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत घेतल्याने ती नीट शोषली जात नसेल.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर गेल्या वर्षीच्या गोळ्यांचे दिवस, प्रवासाची आणि सूज आल्याची तारीख, चमकत्या रेषा वर्षातून किती वेळा येतात, थायरॉइडची खरी मात्रा आणि चालू असलेली इतर औषधे लिहून न्या. फिट्सची किंवा क्षयाची काही औषधे नोरेथिस्टेरॉनचा परिणाम कमी करतात, म्हणून कोणतेही औषध ‘हे किरकोळ’ म्हणून वगळू नका. रक्तदाब मोजून घ्या. वर्षानुवर्षे हार्मोन घेणाऱ्या तुमच्यासारख्या कितीतरी स्त्रियांच्या दंडाला मोजणीचा पट्टा एकदाही लागलेला नसतो. गुठळीचा धोका असलेल्यांसाठी ब्रिटनमधील तज्ज्ञ नोरेथिस्टेरॉनऐवजी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन सुचवतात. तुमच्या बाबतीत ते योग्य की कोणतीच गोळी नको, हे तपासणाऱ्याने ठरवायचे आहे. हे नाव मी दुकानात सांगण्यासाठी दिलेले नाही, एवढे कृपया लक्षात ठेवा.

उत्तर ‘कोणतीच गोळी नको’ असे आले तर? मग प्रश्न औषधाचा उरत नाही, घराचा उरतो, आणि तो तुम्ही एकटीने गोळ्या गिळून सोडवायचा नाही. पाळीत देवाचे करावे की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मी इथे वाद घालणार नाही. पण गौरींची पूजा, तिथीचा स्वयंपाक आणि नऊ दिवसांचा दिवा हे सगळे एकाच बाईच्या पाळीवर टांगलेले असावे, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले माझ्या वाचनात नाही. दिव्यात तेल घालायला घरातल्या पुरुषांचेही हात चालतात, तिथीला जाऊबाई येऊ शकतात, अनेक घरांत पूजा नवरा करतो आणि गौरी तितक्याच प्रसन्न असतात. डॉक्टरांकडे जाताना यजमानांना सोबत न्या, म्हणजे ‘गोळी चालणार नाही’ हे वाक्य सासूबाईंना तुमच्याऐवजी ते सांगतील.

एका बाबतीत भेटीची वाट पाहू नका. एक पाय सुजून दुखला, धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, कधी नव्हे इतके डोके दुखू लागले, नजर गेली, बोलणे अडखळले किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर लगेच रुग्णालय गाठा किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की मी पाळीच्या गोळ्या घेत होते. बायका संकोचाने हेच सांगायचे टाळतात आणि निदान लांबते.

तुमचे पत्र श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आले आहे. ज्येष्ठा गौरींना अजून जवळजवळ पाच आठवडे आहेत. रक्तदाब, टीएसएच, गरज वाटल्यास डॉपलर आणि घरातल्या बोलण्याला एवढा अवधी पुरतो. भेटीची वेळ याच आठवड्यात घ्या, कारण भाद्रपद लागला की स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतही याच प्रश्नासाठी रांग लागते.